रुंद टायरसाठी व्हील आर्च वळवताना: मोजमाप, पत्राकाम आणि पावसाळ्याचा बंदोबस्त

अलॉय आवडतात, टायर ठरतात, दुकानदार चारही चाकं बसवून देतो. मग मागे तिघं बसले की पहिल्याच स्पीडब्रेकरवर 'खर्रर्र' असा आवाज येतो. मागच्या आर्चची (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची) आत वळलेली कड टायरच्या खांद्यावर घासत असते. यावर मुंबईत सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे "आर्च मारून घ्या." मारून घेणं म्हणजे हातोडा. हातोड्याने कड आत जाते हे खरं, पण रंग तडकतो, पत्र्यांमधला सीलर (फट बुजवणारा लेप) फुटतो आणि एक-दोन पावसाळ्यांत त्या जागी गंजाचे फोड वर येतात.

आर्चच्या कामात पत्रा वळवणं हा मधला भाग आहे. त्याआधीचं मोजमाप आणि त्यानंतरचं सीलिंग या दोन गोष्टींवर काम टिकणार की सडणार हे ठरतं. खाऱ्या हवेच्या आणि चार महिने पावसाच्या या शहरात तर सीलिंगवर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, आणि नेमका तोच वेळ सगळे वाचवतात. म्हणून हा लेख त्या दृष्टीने लिहिला आहे.

कायदा आणि विमा

हे आधीच बघून घ्या, पत्र्याला हात लावल्यावर नको. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा अर्थ कडकच लावला.

व्यवहारात याचा अर्थ असा घ्या: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो टायर देते, तो सर्वांत बिनघोर. त्यापलीकडे गेलात तर टायर बॉडीच्या बाहेर येता कामा नये. फ्लेअर (आर्चवर बसणारी जादा रुंद कड) लावून गाडीची रुंदी वाढवायची असेल तर गाडी जिथे नोंदवली आहे त्या आरटीओत, ताडदेव असो, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही चाकांचा बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडू शकतो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: कड वळवण्यापर्यंत थांबावं. कापण्याचं आणि वेल्डिंगचं काम ट्रॅकसाठी किंवा शोसाठी ठेवलेल्या गाडीचं.

आधी कागदावर गणित

चाकाची मध्यरेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी बाजू यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर 'ईटी ४५' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ मिमी. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर.

समजा मूळ चाक १५ इंची, ६जे (म्हणजे रिम ६ इंच रुंद), ईटी ४५ आणि त्यावर १८५/६५ आर१५ टायर आहे (१८५ मिमी रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंची रिमसाठी). मनात भरलंय ते १६ इंची, ७जे, ईटी ३८ आणि २०५/५५ आर१६. रिम एक इंच म्हणजे २५.४ मिमी रुंद झाला, तो दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढला. ऑफसेट ७ मिमीने घटला. म्हणजे रिमची बाहेरची कड १२.७ अधिक ७, एकूण १९.७ मिमी बाहेर आली. आतली कड १२.७ वजा ७, म्हणजे ५.७ मिमी स्ट्रटकडे (आतल्या सस्पेन्शनच्या दांड्याकडे) सरकली. टायरचं गणित वेगळं करा: टायर २० मिमी रुंद झाला, त्याचे निम्मे १० आणि ऑफसेटचे ७ मिळून टायरचा फुगवटा सुमारे १७ मिमी बाहेर.

आता उंची. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी, २०५/५५ आर१६ चा ६३१.९ मिमी. फरक सुमारे १.७ टक्के, म्हणजे टायर वरच्या बाजूला ५ मिमी आर्चच्या जवळ गेला आणि स्पीडोमीटर तेवढ्याच प्रमाणात कमी दाखवू लागला. हा फरक २ टक्क्यांच्या आतच ठेवा.

त्याऐवजी १९५/५५ आर१६ घेतला तर व्यास ६२०.९ मिमी, जवळपास मूळचाच. ईटी ४५ कायम ठेवली तर टायर बाहेर येतो फक्त ५ मिमी, आणि बहुतेक गाड्यांत आर्चला हात लावायची वेळच येत नाही. मात्र रिम ७जेचाच असेल तर आतली कड पूर्ण १२.७ मिमी स्ट्रटकडे जाते, त्यामुळे तिकडची फट मोजायला विसरू नका. हे गणित आधी मांडलं तर निम्मे लोक पत्राकामापासून वाचतील.

टायरवरचा लोड इंडेक्सही पाहा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. मूळ टायर ८८ चा असताना ८४ चा दिसायला छान टायर बसवणं म्हणजे भरल्या गाडीत प्रत्येक चाकामागे ६० किलोची क्षमता घालवणं. लोड इंडेक्स मूळच्या खाली नेऊ नका.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी मनावर घ्यायला हवी. टायर रुंद झाला की साचलेलं पाणी कापणं त्याला जड जातं. जुलैमधल्या सकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेच्या लेनमध्ये पाणी असतं, तेव्हा रुंद आणि अर्धा झिजलेला टायर मूळच्या अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. साइडवॉल बुटकी झाली की उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि खड्डे थेट रिमवर बसतात. म्हणून इथल्या रस्त्यांसाठी ५० च्या खालची प्रोफाइल (साइडवॉलची टक्केवारी) मी सुचवणार नाही.

पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधल्या भोकाचा व्यासही जुळायला हवा. स्विफ्टला ४×१०० आणि ५४.१ मिमी, जुन्या पोलोला ५×१०० आणि ५७.१ मिमी. अलॉयचं भोक मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग बसवा, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने अलॉय घेणार असाल तर पैसे देण्याआधी चारही रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहा, आणि आतल्या बाजूला वेल्डिंगची खूण दिसली तर तो रिम घेऊ नका.

गाडीवर मोजमाप

कागदावरचं गणित सरळ उभ्या गाडीचं. चाक मात्र वर-खाली होतं, वळतं, आणि मागचा एक्सल थोडा आडवाही सरकतो.

गाडी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा. आर्चच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर मोजा. वर एकदा, आणि पुढे-मागे ४५ अंशांवर एकेकदा. चारही चाकांचं वेगळं लिहून ठेवा. कारखान्यातून आलेल्या गाडीतही डावी-उजवी बाजू काही मिलिमीटरने वेगळी निघते. एकदा अपघातात काम झालेली गाडी असेल तर जास्तच.

आता नवं चाक फक्त एका बाजूला चढवा. खरी परीक्षा सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना होते. याची पक्की पद्धत अशी: स्प्रिंग काढायची, शॉक अॅब्सॉर्बर आणि बंप स्टॉप (चाक वर जाण्याची हद्द ठरवणारा रबर) जागेवर ठेवायचे आणि जॅकने चाक बंप स्टॉप दाबला जाईपर्यंत वर उचलायचं. स्प्रिंग काढण्याचं काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते. ते जमत नसेल तर मागे तीन मोठी माणसं, डिकीत सामान, आणि तिरक्या बाजूचं पुढचं चाक फळीवर चढवून सस्पेन्शन पिळा. आर्चच्या आतल्या कडेला लहान मुलांच्या क्लेची जाडसर वळी चिकटवा आणि हळूहळू गाडी फिरवा. क्ले जिथे चेपली तिथली जाडी मोजली की किती फट उरली हे कळतं. पूर्ण दाबलेल्या स्थितीत किमान ५ मिमी तरी मोकळे हवेत.

पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. तिथे बहुधा पत्रा घासतच नाही. प्लॅस्टिकचा लायनर किंवा बंपर आणि फेंडर जोडणारा स्क्रू घासतो. स्क्रूची जागा बदलून, लायनर गरम करून मागे दाबून किंवा प्लॅस्टिकची टोकं छाटून काम भागत असेल तर पत्र्याला हात लावू नका.

कड वळवणं

पुढचा फेंडर एकेरी पत्र्याचा आणि बोल्टने बसवलेला असतो. बिघडला तर बदलता येतो. मागचा क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेला, आणि त्याची कड दोन पत्र्यांची: बाहेरचा पॅनल आणि आतली व्हील हाउसिंग, स्पॉट वेल्डने जोडलेले, मध्ये सीलर. म्हणून सुरुवात नेहमी पुढून करा, हात बसला की मागे जा. आणि ग्राइंडरने मागची कड उडवून मोकळं व्हायचा मोह पूर्ण टाळा. ती कड गेली की स्पॉट वेल्ड जातात, दोन पत्रे सुटे होतात आणि पाणी थेट क्वार्टर पॅनलच्या पोटात शिरतं.

पॅनलवर आधी लांबी (पुट्टी) भरलेली आहे का ते तपासा. चुंबक कडेवरून फिरवा, पकड सैल वाटली तिथे लांबी आहे. पेंट मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्याच्या कितीतरी पट आकडा आला तर खाली लांबी आहे. अशी जागा कितीही गरम केली तरी वळताना तडकणारच. मग रंगकामाचा खर्च धरूनच पुढे जा.

लागणारं सामान: हबवर बसणारा फेंडर रोलर, हीट गन, इन्फ्रारेड थर्मामीटर, दोन जॅक, गाडी उचलून धरणाऱ्या घोड्या, उरलेल्या चाकांना अडसर, तारेचा ब्रश. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आर्चमध्ये घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आर्च धुऊन पूर्ण वाळवा. कडेच्या आतला चिखल, जुना कोटिंगचा थर आणि सुटलेला सीलर ब्रशने काढा. इथे चिकटलेला एखादा खडा रोलरखाली आला तर बाहेरच्या बाजूला टेंगूळ उठतं. लायनरचे क्लिप आणि मागच्या बंपरचे कडेचे स्क्रू काढून बंपर थोडा सैल करा.

चाक काढलं की हब खाली लोंबतो. दुसऱ्या जॅकने त्याला आधार देऊन नेहमीच्या उंचीजवळ आणा, म्हणजे रोलरचा दांडा आर्चच्या गोलाईशी जुळेल. रोलर नटने हबवर घट्ट बसवा.

आता उष्णता. हीट गन कडेपासून १०-१५ सेंटिमीटर लांब ठेवून सतत हलवत राहा आणि रंग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आणा. ७० च्या वर जाऊ नका, रंग मऊ पडून त्यावर रोलरचे वळ उठतात. एकाने गरम करायचं, दुसऱ्याने रोलर फिरवायचा. एकट्याने केलं की रोलर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचा भाग गार झालेला असतो.

पहिल्या फेऱ्यांत रोलर तिरका ठेवून काटकोनातली कड ४५ अंशांपर्यंतच न्या. दांडा एका वेळी पाव वेढा कसायचा, संपूर्ण कमानीवरून रोलर सावकाश पुढे-मागे न्यायचा, पुन्हा गरम करायचं. आर्चचा वरचा भाग आधी, टोकं नंतर. प्रत्येक फेरीनंतर बाहेरून पॅनल पाहा. पार्किंगमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आर्चच्या वर पडेल अशी जागा धरा. ती पांढरी रेघ सरळ राहिली तर काम नीट चाललंय. रेघ एका जागी पोट काढून खाली आली की तिथे पत्रा बाहेर ढकलला जातोय. लगेच दांडा सैल करा आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा. बोटांनाही कळतं. तळहात नव्हे, बोटांची टोकं कडेवरून फिरवा, डोळ्याला न दिसणारी लाट बोटाला लागते.

कित्येकदा ४५ अंशांवरच हवी ती फट मिळते. मिळाली की थांबा. कड पूर्ण सपाट दाबली तर दोन पत्र्यांमधला सीलर पिळून बाहेर येतो, घडीत पाणी धरणारी खाच तयार होते, आणि ती खाच आतून रंगवता येत नाही. मागच्या दरवाज्याजवळच्या भागात तर हात आणखी आवरा. तिथे पत्रा जरा बाहेर आला की दरवाजा उघडताना त्याचा रंग खरवडतो. प्रत्येक फेरीनंतर दरवाजा उघडून-मिटून पाहा.

रोलर जास्त कसून पॅनलच ३-४ मिमी बाहेर ओढण्याला पुलिंग म्हणतात. ते जमतं, पण रंग टिकेल याची हमी नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या आणणं मुरलेल्या डेंटरलाही कठीण जातं. टायर आणि आर्चच्या मध्ये पाइप किंवा बॅट घालून गाडी पुढे-मागे ढकलण्याची जुनी युक्ती मात्र वापरू नका. दाब एकाच रेषेत येतो आणि पॅनल लाटालाटांचा होतो.

कापून वेल्डिंग करायचंच असेल तर

हे घरचं काम नाही, सोसायटीच्या पार्किंगमधलं तर नाहीच. पण कारागिराकडून काय करून घ्यायचं हे मालकाला ठाऊक असावं.

पेट्रोल टाकीचा गळा मागच्या एका आर्चच्या अगदी लागून जातो. मुंबईत बऱ्याच गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी दिसते. सीएनजी गाडीत वेल्डिंगआधी टाकी आणि नळी अधिकृत फिटरकडून काढून घ्या. नुसता व्हॉल्व बंद करून भागत नाही. आतली ट्रिम, आवाज अडवणारा थर, सीटबेल्ट बाजूला काढा, बॅटरी सोडवा, अग्निशामक हाताशी ठेवा.

बाहेरच्या पत्र्यावर मास्किंग टेपने नवी गोलाई आखून फक्त बाहेरचा पत्रा कापतात. आतली व्हील हाउसिंग मात्र त्याच रेषेवर कापायची नाही. तिला साधारण २०-२५ मिमीच्या अंतराने उभ्या चिरा देऊन पाकळ्या करतात आणि त्या पाकळ्या वर वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवतात. मग वेल्डिंग. पत्रा ०.७-०.८ मिमीचाच असतो, म्हणून ०.६ मिमी तारेने मिग वेल्डिंग, ठिपक्याठिपक्यांनी, एक ठिपका इथे तर पुढचा लांब, मध्ये गार होऊ देत. सलग ओढली की पॅनल वाकडा होतो. जस्ताचा थर असलेल्या पत्र्याचा धूर विषारी असतो, हवा खेळती हवी. शेवटी चिरांमधली प्रत्येक फट वेल्डने बंद झाली पाहिजे. तिथे नुसता सीलर किंवा लांबी थापलेली दिसली तर काम परत करायला लावा.

सीलिंग

पत्रा वळला, टायर घासत नाही, म्हणून त्याच दिवशी चाक चढवून निघायचं नाही. वळलेल्या कडेवर केसाएवढ्या भेगा असतात आणि त्या लांबून दिसत नाहीत. टॉर्च आडवा धरून पाहिलं की दिसतात.

कडेच्या आत सुटलेला सगळा रंग आणि सीलर काढा. उघड्या पत्र्यावर गंजाची छटा असेल तर घासून फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर दिलेल्या वेळेनंतर पुसा. त्यावर एपॉक्सी प्रायमर. साधा ग्रे प्रायमर पाणी शोषतो, तो इथे चालणार नाही. प्रायमर सुकला की दोन पत्र्यांच्या जोडावर पॉलियुरेथेन सीम सीलरची सलग रेघ ओढा आणि ब्रशने पसरवा. सीलर पूर्ण बसल्यावर आर्चच्या आतून स्टोन चिप कोटिंग. बाहेरच्या भेगांवर रंगाचा टचअप. शेवटी डिकीतली ट्रिम काढून क्वार्टर पॅनलच्या पोटात, घडीच्या मागच्या बाजूला, कॅव्हिटी वॅक्स फवारा. बाहेरून कितीही कोटिंग केलं तरी गंज बहुधा आतूनच येतो, आणि ही एक पायरी गॅरेजवाले सांगितल्याशिवाय करत नाहीत.

पाणी वाहून जाण्याची भोकं कोटिंगने बुजवू नका. डांबरी अँटिरस्ट ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर ओल आतच कोंडते आणि वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं.

हे सगळं काम दिवाळी ते होळी या काळात करा. हवा कोरडी असते, प्रायमर आणि सीलर नीट सुकतात. वरळी, वर्सोवा, गोराईसारख्या समुद्राकाठच्या भागात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर उघडा पत्रा एक रात्रही तसाच ठेवू नका.

चाक चढवणं आणि चाचणी

हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने साफ करा. नट-बोल्टची बैठक रिमशी जुळते का पाहा: काहींना शंकूसारखी लागते, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांना गोल. बैठक चुकली की नट आपोआप ढिले होतात. टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कसा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या.

कडेवर खडूची रेघ ओढून गाडी पूर्ण भरा आणि चालवा: आधी सोसायटीचा रॅम्प पूर्ण स्टिअरिंग वळवून, मग स्पीडब्रेकर, मग एखादा वळणदार फ्लायओव्हर. खडू पुसला गेला असेल तर अजून काम बाकी आहे. उरलेली दोन-तीन मिलिमीटरची घासण "टायर झिजला की बसेल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. घासणारी धारदार कड टायरच्या साइडवॉलमध्ये चीर पाडते, आणि तो टायर वेगात असताना फुटतो.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर, चारही चाकं काढून आर्च धुवा आणि सीलरच्या रेघेवरून टॉर्च फिरवा. कुठे रेघ सुटली असेल किंवा रंगाखाली मटाराएवढा फोड दिसला तर तो वरून रंगवू नका. फोडाच्या कडेच्या दोन बोटं पुढेपर्यंत खरवडून चकाकता पत्रा काढा, रस्ट कन्व्हर्टरपासून सगळ्या पायऱ्या त्या जागी पुन्हा करा आणि आतून वॅक्सचा नवा हात द्या.